फावला वेळ आणि बुद्धिबळाच्या धर्तीवरचे मोबाईल खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेड्यातला फावला वेळ सलग मिळत नाही. जिनिंगसमोर कापसाच्या गाडीचा नंबर लागेपर्यंत, तहसील कार्यालयात साहेब येईपर्यंत, चक्कीवर आपले दळण लागेपर्यंत किंवा तालुक्याहून सुटलेली एसटी फाट्यावर पोहोचेपर्यंत जो वेळ हाती येतो, तो कधी पाच मिनिटांचा असतो, कधी अख्ख्या दुपारचा, आणि तो केव्हा संपेल हे आपल्याला ठाऊक नसते. अशा वेळेसाठी बुद्धिबळाच्या धर्तीवरचे मोबाईल खेळ मला सर्वांत योग्य वाटतात व गावातल्या वाचनालयात येणाऱ्या मंडळींना मी ते आवर्जून सुचवतो. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

बुद्धिबळाच्या धर्तीवरचा खेळ म्हणजे नेमका कसला?

पट घरांत विभागलेला आहे, प्रत्येक सोंगटीची चाल ठरलेली आहे, दोन्ही बाजू आळीपाळीने चाल करतात आणि निकाल बोटांच्या चपळाईवर ठरत नाही, असा कोणताही खेळ या जातीत मोडतो. त्यात बरेच प्रकार आहेत. काही खेळांत पट आणि सोंगट्या नेहमीच्याच असतात, फक्त नियम बदलतो. उदाहरणार्थ, राजा पटाच्या मधल्या चार घरांपैकी एकात नेला की डाव जिंकला, किंवा प्रतिपक्षाला तीनदा शह दिला की डाव जिंकला. हे दोन्ही प्रकार ‘लिचेस’ या मोफत ॲपवर खेळता येतात. ‘रिअली बॅड चेस’ हा झॅक गेज यांनी २०१६ साली तयार केलेला खेळ दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात पट नेहमीचा, चालीही नेहमीच्या, पण सैन्य मात्र दर डावाला वेगळे मिळते. एखाद्या डावात आपल्याकडे तीन वजीर येतात, तर समोरच्याकडे नुसत्या प्याद्यांची आणि घोड्यांची गर्दी असते.

तिसरा प्रकार लहान पटाच्या खेळांचा. जपानी रचनाकार शिम्पेई सातो यांचा ‘ओनितामा’ पाच बाय पाच घरांत मावतो. त्यात सोंगट्यांना स्वतःची चाल नसते, ती पत्त्यावर छापलेली असते, आणि आपण वापरलेला पत्ता पुढे फिरून प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. त्यामुळे चाल करताना आपण समोरच्याच्या हातात काय देत आहोत, हाही विचार करावा लागतो. ‘इंटू द ब्रीच’ (२०१८) हा एकट्याने खेळण्याचा खेळ असून त्यात आठ बाय आठच्या पटावर शत्रू पुढच्या खेपेला कोठे हल्ला करणार हे आधीच दाखवलेले असते, आणि तो हल्ला कसा चुकवायचा एवढेच आपण शोधायचे असते.

नावात ‘चेस’ असले म्हणजे खेळ या जातीचा असतोच असे नाही. २०१९ साली गाजलेल्या ‘ऑटो चेस’मध्ये सोंगट्या पटावर मांडून दिल्या की त्या आपसांत आपोआप लढतात. तो वाईट खेळ नाही, परंतु बुद्धिबळातला चालीमागून चालीचा आनंद त्यात शोधणाऱ्याची निराशा होईल.

मग नेहमीचे बुद्धिबळच का खेळू नये?

अवश्य खेळावे. या सगळ्या खेळांचा पाया तोच आहे आणि त्याची बरोबरी दुसरा कोणताही खेळ करत नाही. तरीही गावातल्या खेळाडूची एक खरी अडचण लक्षात घ्यायला हवी. नेहमीच्या बुद्धिबळात दोन्ही बाजूंनी एकेक चाल होताच पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात, आणि पुढची वाट पाठ करण्यासाठी शहरातल्या खेळाडूकडे पुस्तके, शिक्षक आणि संगणक असतो. ज्याने सुरुवातीच्या दहा-बारा चाली पाठ केल्या आहेत त्याच्यासमोर, ज्याने कधी पुस्तक पाहिले नाही असा माणूस विचार सुरू करायच्या आधीच मागे पडतो.

ही अडचण केवळ आपलीच नाही. माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांना हीच गोष्ट खटकत होती, म्हणून १९९६ साली त्यांनी ब्युनोस आयर्स येथे एक नवा प्रकार जाहीर केला. त्यात मागच्या रांगेतल्या सोंगट्या काही ठरावीक अटी पाळून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कशाही मांडल्या जातात. अशा ९६० मांडण्या होतात, त्यावरून त्याला ‘चेस ९६०’ म्हणतात. येथे पाठांतराचा काहीच उपयोग होत नाही. पहिल्या चालीपासून दोघांनाही स्वतःच्या डोक्याने चालावे लागते. ज्याच्यापाशी शिकवणी नाही, पण विचार करण्याची तयारी आहे, त्याला बरोबरीने बसवणारे हे खेळ आहेत आणि मी ते सुचवतो त्यामागे हे कारण मोठे आहे.

फावल्या वेळासाठी खेळ निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

खेळ आपल्यासाठी थांबतो की नाही, हे पाहावे. बाकीच्या गोष्टी नंतरच्या आहेत.

कापसाचा हंगाम भरात आला की खरेदी केंद्राच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि छोट्या मालवाहू गाड्यांची रांग लागते. माणूस गाडीच्या सावलीत बसलेला असतो. रांग कितीतरी वेळ हलत नाही आणि मग अचानक समोरची गाडी पुढे सरकते, मागचा हॉर्न वाजवतो, उठावे लागते, गाडी चार हात पुढे घ्यावी लागते आणि पुन्हा थांबावे लागते. ज्या खेळात प्रत्येक सेकंदाला काहीतरी घडत असते तो खेळ अशा जागी उपयोगाचा नाही, कारण गाडी पुढे घेतली तर डाव जातो आणि डाव सांभाळला तर मागचे लोक ओरडतात. बुद्धिबळाच्या धर्तीवरच्या खेळात मात्र आपली चाल होईपर्यंत पट जसाच्या तसा राहतो. गाडी पुढे घ्या, ग्रेडरशी बोला, काटा करून या, उंट जेथे होता तेथेच असतो, आणि परत आल्यावर पुष्कळदा आधी न दिसलेली चाल दिसते.

म्हणून नवा खेळ घेतल्यावर एक परीक्षा करावी. डाव मध्यावर असताना ॲप बंद करावे, कोणाला तरी फोन लावावा, थोडे काम करावे आणि मग खेळ उघडून पाहावा. पट जसा सोडला तसा मिळाला तर खेळ ठेवावा. डाव गेला, किंवा ‘पुन्हा सुरू करण्यासाठी जाहिरात पाहा’ असे पडद्यावर आले, तर तो खेळ काढून टाकावा.

माणसाविरुद्ध खेळायचे असेल तर घड्याळ लावलेला डाव रांगेत मांडू नये. पलीकडेही कोणीतरी माणूसच बसलेला असतो, आणि डाव अर्धवट टाकून वारंवार निघून जाणाऱ्यांना लिचेससारखी ॲप काही काळ खेळू देत नाहीत, जे रास्तच आहे. त्याऐवजी एका चालीला एक ते चौदा दिवसांपर्यंत मुदत देणारा डाव घ्यावा. पूर्वी लोक पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून दूरगावच्या माणसाशी महिनोन्‌महिने डाव खेळत, त्याचेच हे आजचे रूप आहे. सकाळी दूध घालून आल्यावर एक चाल आणि संध्याकाळी एक चाल, एवढ्यावर डाव छान चालतो.

आमच्याकडे रेंज नसते. मग कसे खेळायचे?

मेळघाटात, गडचिरोलीच्या आतल्या भागात आणि इतरत्रही अनेक शिवारांत फोन असतो पण रेंज नसते, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे संगणकाविरुद्धचा डाव, कारण त्यासाठी इंटरनेट लागत नाही. लिचेसच्या ॲपमध्ये ‘स्टॉकफिश’ हे बुद्धिबळ खेळणारे इंजिन फोनमध्येच बसवलेले असते आणि त्याची पातळी कमी-जास्त करता येते. ‘रिअली बॅड चेस’ही मुख्यतः फोनविरुद्धच खेळायचा आहे. खेळ घेताना घरी विमान चिन्हाचे बटण दाबून, म्हणजे नेटवर्क पूर्ण बंद करून, तो उघडून पाहावा. उघडला तर वावरातही उघडेल.

रेंज कमी असली तरी चाल पाठवायला फारसा डेटा लागत नाही, कारण एक चाल म्हणजे दोन घरांची नावे, चार-पाच अक्षरे. डेटा जातो तो जाहिरातींच्या व्हिडिओंवर. लिचेस २०१० पासून लोकांच्या देणग्यांवर चालते, त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरून उघडावा लागणारा भागही नाही. डेटा संपत आलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

फोन जुना आहे, जागाही कमी आहे. चालेल का?

चालेल. चमकदार चित्रांचे खेळ टाळावेत, इतकेच. १९५६ साली अमेरिकेतल्या लॉस ॲलमॉस येथील ‘मॅनिॲक’ नावाच्या संगणकाची ताकद एवढी कमी होती की त्याच्यासाठी सहा बाय सहाचा पट करून उंटच काढून टाकले होते, आणि त्या पटावर तो बुद्धिबळ खेळला. आज आपल्याकडचा साध्यात साधा स्मार्टफोन त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे.

मला चालीच येत नाहीत. सुरुवात कशी करावी?

चाली एका संध्याकाळी येतात. हत्ती सरळ, उंट तिरका, वजीर दोन्हीकडे, घोडा अडीच घरे, राजा एक घर, प्यादे पुढे एक घर चालते आणि तिरके मारते. प्याद्याला पहिल्या खेपेला दोन घरे जाता येते. पडद्यावरच्या सोंगट्यांची चित्रे परदेशी धर्तीची असतात, म्हणून एवढे ध्यानात ठेवावे की बुरुजासारखी दिसते ती सोंगटी आपला हत्ती, आणि टोकदार टोपीची ती आपला उंट. चालींच्या यादीत घोडा ‘एन’ या अक्षराने लिहिलेला असतो, कारण इंग्रजीत घोडा (‘नाइट’) आणि राजा (‘किंग’) दोघांचीही नावे ‘के’ने सुरू होतात आणि ते अक्षर राजाकडे गेलेले आहे.

ज्यांनी लहानपणी देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या रेघांवर वाघ-बकरी किंवा नवकंकरी खेळली आहे, त्यांना हे खेळ विशेष लवकर जमतात, असा माझा अनुभव आहे. बकऱ्यांनी वाघ कोंडायचा असतो तेव्हा एकेक बकरी पुढे ढकलताना तिच्या मागे दुसरी उभी आहे की नाही हे पाहावेच लागते, आणि प्याद्यांचा खेळ याच विचारावर चालतो. वाचनालयात एक वयस्कर काकाजी पुतण्याच्या खांद्यावरून त्याचा डाव बघत असतात. त्यांना कोणी बुद्धिबळ शिकवलेले नाही, पण पुतण्याने घाई केली की ते लगेच म्हणतात, “काहून उचललं बे ते प्यादं? आंधी त्याचा उंट कुठं पाहून रायला ते पाय!” यापेक्षा चांगला पहिला धडा मला देता येणार नाही.

मी सारखा हरतो. सुधारणा कशी होईल?

आपली चाल सुचली की ती करू नये. आधी समोरच्याने आत्ता केलेली चाल कशासाठी केली, हे स्वतःला विचारावे. नवशिका माणूस हरतो तो बहुतेक वेळा खोल डावपेचांमुळे हरत नाही, फुकट मारू दिलेल्या सोंगट्यांमुळे हरतो. त्यामुळे प्रत्येक चालीआधी एवढे पाहावे : माझी कोणती सोंगटी आधाराविना उभी आहे, आणि त्याची कोणती.

यानंतर दुहेरी हल्ला शिकावा. एक स्थिती फोनवर मांडून पाहा. घरांची नावे अशी वाचावीत : पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभ्या ओळींना डावीकडून ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या ओळींना खालून १ ते ८ हे आकडे असतात. काळा राजा आपल्या मूळ जागी, म्हणजे ई ८ या घरात आहे. काळा हत्ती ए ८ या कोपऱ्यात आहे. काळा वजीर डी ८ वरून केव्हाच बाहेर गेलेला आहे. पांढरा घोडा पटाच्या मध्यावर डी ५ येथे आहे. आता घोडा सी ७ वर उडी मारतो. तेथून तो राजाला शह देतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवरही हल्ला करतो. सी ७ वरचा घोडा मारणारे कोणी नसेल तर राजाला हलावेच लागते, आणि पुढच्या चालीला घोडा हत्ती घेतो. ज्याला हे एकदा दिसले त्याला ते पुढे सगळीकडे दिसू लागते, मग पट आठ बाय आठचा असो की पाच बाय पाचचा.

सोंगट्यांचे मोल साधारण असे धरतात : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. परंतु सैन्य दर डावाला बदलणाऱ्या खेळांत हे आकडे आंधळेपणाने वापरू नयेत. पटावर खूप गर्दी असते तेव्हा उंट आणि हत्ती आपल्याच माणसांत अडकतात, घोड्याला मात्र कोणी अडवू शकत नाही, म्हणून सुरुवातीला घोडा जपावा. सोंगट्या कमी होऊन पट मोकळा झाला की हत्तीचा जोर वाढतो. ‘रिअली बॅड चेस’मध्ये आपण वर चढत गेलो की आपले सैन्य दुबळे होत जाते आणि समोरचे बलवान होते. तेथे हरायला लागणे याचा अर्थ आपण पुढे गेलो आहोत असाच घ्यावा.

चाल मागे घेण्याची सोय असेल तर ती शिकण्यासाठी बेलाशक वापरावी. हरलेला डाव लगेच नव्याने मांडण्यापेक्षा जेथे पहिली सोंगटी गेली त्या चालीपर्यंत मागे जाऊन दुसरे काय करता आले असते हे पाहिले, तर एकाच डावातून पुष्कळ शिकता येते. रांगेत बसलेल्या माणसाला घाई कसली असते!

पैसे लावून खेळायचे खेळ चांगले की वाईट?

पैसे लावून खेळू नये. या बाबतीत मी कोणाचेही मन राखत नाही. सोयाबीनचे चुकारे खात्यात जमा झाल्याच्या आठवड्यात ज्यांचे पैसे फोनमधून निघून गेले अशी घरे प्रत्येक तालुक्यात सापडतील. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. त्यामुळे ‘हा बुद्धीचा खेळ आहे, म्हणून चालतो’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये. ई-स्पोर्ट्स (म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ खेळ) आणि करमणुकीचे किंवा शिक्षणाचे साधे खेळ यांना त्या कायद्याने वेगळे ठेवले आहे.

जाहिरात काढून टाकण्यासाठी एकदाच ठरावीक रक्कम घेणारे खेळ वेगळे. तो खेळाचा मोबदला आहे आणि परवडत असेल तर तो द्यायला हरकत नाही. मात्र पैसे भरून सोंगट्यांची ताकद वाढवून मिळत असेल, तर तेथे विचाराला किंमत उरत नाही आणि तो खेळ सोडून द्यावा. फोनमध्ये पैशांचे ॲप असेल तर खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करून ठेवावी, विशेषतः घरात लहान मुले तोच फोन वापरत असतील तर.

मुलांना हे खेळ द्यावेत का? त्यातून खरे बुद्धिबळ येईल का?

द्यावेत, पण सोबत बसून. आपल्या विदर्भातली उदाहरणे मुलांना सांगावीत. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली जॉर्जियातील बटुमी येथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्या विजयाने ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी हाही नागपूरचाच, आणि तो तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. महाराष्ट्रात मुलींनी हा खेळ गाजवण्याची परंपरा त्याआधीची आहे. रोहिणी खाडिलकर १९८१ सालीच आशियाई विजेत्या झाल्या होत्या.

तरीही खरे सांगायचे तर केवळ फोनवर खेळून कोणी तेथे पोहोचत नाही. फोन मुलाला बेकायदा चाल करूच देत नाही, कोणत्या घरात जाता येईल ते ठिपके लावून दाखवतो, आणि त्यामुळे प्रत्यक्ष पटावर बसल्यावर मूल गोंधळते. म्हणून ठिपके दाखवण्याची सोय सेटिंगमधून बंद करावी आणि आठवड्यातून काही डाव तरी खऱ्या पटावर व्हावेत. शाळेत एक-दोन पट असतातच, आणि पुष्कळदा ते कपाटात पडून असतात. मुख्याध्यापकांना भेटून मधल्या सुटीसाठी ते मागावेत. बहुतेक जण आनंदाने देतात.

एक फोन आणि दोन मुले अशी स्थिती असेल तर दोघांनी एकाच फोनवर आळीपाळीने खेळण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. फोन बाजेवर मध्ये ठेवावा. दोन्ही मुले एकाच पडद्यात डोके घालून बोलत-भांडत खेळतात, ते एकेकट्याने खेळण्यापेक्षा कितीतरी बरे.

याची सवय लागून कामाचा खोळंबा होत नाही का?

होऊ शकतो. पट थांबतो, ही या खेळांची जमेची बाजू आहे, पण तिचा फायदा माणसाने घेतला तरच. ‘आज आला नाहीत तर तुमची साखळी तुटेल’, ‘बक्षीस घ्यायला लवकर या’ असे संदेश पाठवणारे खेळ माणसाला आपल्या वेळापत्रकात ओढतात. असे सगळे संदेश फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करावेत. वाट पाहण्याच्या वेळात खेळ उघडावा आणि नंबर लागला की मिटावा. त्या क्षणी चाल अर्धी राहिली तरी काही बिघडत नाही.

दवाखान्यात किंवा मयतीच्या घरी फोन काढून खेळू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

उन्हाळ्यात फोन तापतो आणि पडदा दिसत नाही. काय करावे?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बहुतेक फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत नीट चालतील असे बनवलेले असतात. उन्हात पडदा दिसावा म्हणून आपण उजेड पूर्ण वाढवतो, त्याने बॅटरी लवकर उतरते आणि फोन आणखी तापतो. दुपारी सावलीत बसूनच खेळावे. फोन तापला असेल तेव्हा तो चार्जिंगला लावू नये आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नये. बुद्धिबळाच्या खेळात फोनचे फारसे बळ खर्च होत नाही, फक्त संगणकाला सर्वांत वरच्या पातळीवर ठेवले की तो सतत गणित करत राहतो आणि फोन गरम होतो. पातळी खाली ठेवली तर बॅटरीही टिकते आणि जिंकण्याची शक्यताही राहते.

पट आणि सोंगट्यांचे रंग बदलता येत असतील तर फिकट हिरवा पट आणि ठळक काळ्या-पांढऱ्या सोंगट्या निवडाव्यात. वयस्कर डोळ्यांना त्या उन्हातही ओळखू येतात.

रात्री ओलिताच्या वेळी खेळले तर चालेल का?

पंपाची थ्री-फेज लाईट आळीपाळीने रात्री येते, तेव्हा गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्र काढावी लागते आणि एक सरी भरेपर्यंत बसून राहण्यापलीकडे काम नसते. वेळ काढायला खेळ उत्तम आहे, पण काही पथ्ये पाळावीत. उजळ पडद्याकडे पाहून डोळे उचलले की काही मिनिटे अंधारातले दिसत नाही, आणि पाणी फिरलेल्या वावरात साप निघतात. त्यामुळे खेळ मिटल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत, आणि सरी बदलायला उठताना टॉर्च लावून आधी पायाखाली पाहावे. बसायचे ते बाजेवर किंवा मचाणावर, धुऱ्याच्या गवतात बसू नये. कानात इअरफोन घालून खेळू नये, कारण रानडुकरे पिकात शिरल्याचा आवाज ऐकू यायला हवा. फोनची बॅटरी पूर्ण संपेपर्यंत खेळू नये. रात्री वावरात काही झाले तर घरी फोन लावता यायला हवा.

अनोळखी माणसांशी खेळणे सुरक्षित आहे का?

खेळणे सुरक्षित आहे, गप्पा मारणे टाळावे. खात्याचे नाव स्वतःचे खरे नाव किंवा मोबाईल क्रमांक ठेवू नये, चॅट बंद ठेवावे आणि कोणी लिंक पाठवली तर ती उघडू नये. मुलींच्या बाबतीत हे अधिक काळजीने पाहावे.

फोन चार्ज नसेल तर यातला एखादा खेळ जमिनीवर मांडता येईल का?

येईल. लहान पटाचे बरेच खेळ मुळात पटावरचेच आहेत. २००८ साली जपानमधल्या मादोका किताओ या शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूने मुलांसाठी केलेला ‘दोबुत्सु शोगी’ हा खेळ मला त्यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. खडूने किंवा काडीने तीन उभ्या ओळी आणि चार आडव्या ओळी होतील अशी बारा घरे आखावीत. प्रत्येक खेळाडूच्या चार सोंगट्या असतात : सिंह, हत्ती, जिराफ आणि पिल्लू. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर अक्षरे लिहिली तरी पुरे. मात्र तुकड्याला टोक ठेवावे, म्हणजे सोंगटी कोणाची आहे हे ते टोक कोणाकडे वळले आहे यावरून कळते.

आपल्या जवळच्या रांगेत मध्ये सिंह, त्याच्या डावीकडे हत्ती, उजवीकडे जिराफ, आणि सिंहाच्या पुढच्या घरात पिल्लू मांडावे. सगळ्या सोंगट्या एका वेळी एकच घर चालतात. सिंह कोणत्याही दिशेला, हत्ती फक्त तिरका, जिराफ फक्त सरळ म्हणजे पुढे, मागे किंवा बाजूला, आणि पिल्लू फक्त पुढे. मारलेली सोंगटी आपली होते आणि पुढे कोणत्याही खेपेला चाल करण्याऐवजी ती आपल्या बाजूने कोणत्याही रिकाम्या घरात उतरवता येते. पिल्लू चालत शेवटच्या रांगेत पोहोचले तर त्याची कोंबडी होते, आणि ती मागचे दोन तिरके कोपरे सोडून सगळीकडे एक घर चालते. ती मारली गेली तर मारणाऱ्याच्या हाती पुन्हा पिल्लू म्हणूनच जाते. समोरचा सिंह मारला की डाव जिंकला. आपला सिंह समोरच्या शेवटच्या रांगेत पोहोचला आणि तेथे त्याला लगेच कोणी मारू शकत नसेल, तरीही डाव आपलाच. एक डाव चहा उकळेपर्यंत संपतो, म्हणून हरणाऱ्याने पुढच्या डावाची पहिली चाल करावी असा नियम आमच्या वाचनालयात ठेवला आहे.